महिन्याला दोन पाळ्या करणारा राखीव पॅरामेडिक: कामाचा की अडगळीचा?

काजवा
बऱ्याच रुग्णवाहिका सेवांकडे पूर्णवेळ माणसांखेरीज एक राखीव यादी असते. पोटापाण्याचा उद्योग दुसराच, पॅरामेडिकचं प्रमाणपत्र चालू ठेवलेलं, आणि महिन्याकाठी ठरलेल्या पाळ्या बिनपगारी किंवा किरकोळ मानधनावर. कुणी रजेवर गेलं, मोठा अपघात झाला, पूर आला की याच यादीतल्या लोकांना फोन जातात.

प्रश्न असा: महिन्याला १२ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे वर्षाला २४. एवढ्यावर पॅरामेडिकचा हात बसलेला राहतो का? की असा माणूस म्हणजे आधीच दाटीच्या गाडीत आणखी एक बोजा? आणि नाव नोंदवण्याआधी सेवेला नेमकं काय विचारून घ्यावं?

"केवढं पुण्याचं काम" असे प्रतिसाद नकोत. ते गृहीत धरलंय. आकडे आणि खाचाखोचा लिहा.

तिरपागडा
पहिला! खाचाखोचा येईपर्यंत सतरंजी अंथरून बसतो.

रात्रपाळी
हात बसलेला राहत नाही, बसता ठेवावा लागतो. छाती दाबण्याचं कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांत घसरायला लागतं, आणि हे पूर्णवेळवाल्यांनाही लागू आहे. फरक इतकाच की त्यांना मधूनमधून खरा अरेस्ट (हृदय बंद पडलेला रुग्ण) मिळतो आणि हात आपोआप घासला जातो. वर्षाला २४ पाळ्यांत अरेस्ट एकही न मिळणं अगदी शक्य आहे. म्हणून "कॉल मिळतील, त्यात शिकू" हा हिशेब राखीव माणसाने मनातून काढून टाकावा.

उपाय कंटाळवाणा आहे: दर पाळीला १५ मिनिटं सरावाच्या पुतळ्यावर. वर्षातून एकदा दिवसभर घाम गाळण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं. दोन मिनिटं दाबणं, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं. दमलेला माणूस हे वर येऊ देणंच विसरतो. तळहात छातीवर रेललेला राहतो, हृदय भरतच नाही, आणि बाहेरून सगळं झकास चाललेलं दिसतं. मग दोन मिनिटं अंबू बॅग (मास्कमधून श्वास देण्याची पिशवी). बस, एवढंच.

चौथं चाक
रात्रपाळी यांचं पुतळ्याबद्दलचं सगळं मान्य. पण जोडीदार म्हणून विचाराल तर राखीव माणसाची परीक्षा अरेस्टमध्ये होत नाही, पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासात होते. गाडी तपासतो की नाही? आणि कशी तपासतो?

यादीवर बरोबरच्या खुणा करत जाणं म्हणजे तपासणी नव्हे. "ऑक्सिजन आहे" याला काही अर्थ नाही. किती मिनिटांचा आहे ते बोला. हिशेब सोपा: सिलिंडरची पाणी-क्षमता लिटरमध्ये गुणिले काट्यावरचा दाब बारमध्ये. १० लिटरचा सिलिंडर १५० बारवर म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर १०० मिनिटं. तोच काटा ७० वर आला असेल तर तळाचे १५ बार राखून ठेवा, उरले ५५, म्हणजे ५५० लिटर, म्हणजे जेमतेम ३६ मिनिटं. आता खांद्यावरचा छोटा २ लिटरचा घ्या. ७० बारवर त्यात हिशेबाचे ११० लिटर, म्हणजे सात मिनिटं. काटा दोन्हींवर "अर्ध्याच्या जरा खाली" असंच दाखवतो. चार जिने उतरून खाली येईपर्यंत सात मिनिटं कुठे गेली कळत नाही. काटा पीएसआयचा असेल तर साडेचौदाने भागा.

रेग्युलेटर बसवताना फुस्स आवाज आला की लोक आवळत सुटतात. दहातले नऊ वेळा वॉशर चिरलेला असतो किंवा जुना वॉशर चिकटलेला असतानाच वर नवा बसवलेला असतो. आणि जोडावर तेल, ग्रीस, व्हॅसलिन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीची वाट बघावी लागत नाही. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, तोंड बाजूला ठेवून.

सुईदोरा
चौथं चाक यांच्या यादीत भर घालते.

सक्शन (उलटी, लाळ ओढून घेणारं यंत्र): बटण दाबून गुरगुर ऐकली म्हणजे तपासलं असं नाही. नळी चिमटीत बंद करा. चार सेकंदांत काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरच्या पुढे गेला पाहिजे. नाही गेला तर बहुधा डब्याचं झाकण तिरकं बसलेलं असतं, मोटर बिघडलेली नसते. शेजारी पाण्याची बाटली हवी, कारण घट्ट उलटीने नळी तुंबली की पाणी ओढूनच ती मोकळी होते. ही बाटली गाडीतून नाहीशी होणाऱ्या वस्तूंत पहिल्या नंबरावर आहे.

डिफिबचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड: मुदत बघायची ती पाकिटाची, पेटीची नव्हे. पाकीट दुमडून कोंबलेलं असेल तर घडीवर जेल सुकतं. सोबत वस्तरा, कात्री, पुसायला कोरडं कापड, आणि कागदाचा एक जादा रोल.

शर्करेच्या पट्ट्या: डबी उघडल्याची तारीख डबीवर लिहा. झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने पट्ट्या खराब होतात. बोट न पुसता टोचलं आणि त्याला काही गोड लागलेलं असेल तर आकडा फसवा चढा येतो, आणि साखर उतरलेला माणूस "नॉर्मल" ठरतो.

टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर पिळायचा पट्टा): कारखान्याच्या पारदर्शक वेष्टनातून आधीच काढून, पट्टा ओवून, एका ओढीत लागेल असा ठेवावा. रक्ताळलेल्या हातमोज्यांनी ते प्लॅस्टिक फाटत नाही. आणि सरावाचं टूर्निकेट वेगळ्या रंगाचं किंवा मोठ्या अक्षरात "सराव" लिहिलेलं असू द्या. वारंवार पिळून पट्टा आणि दांडी कमजोर होतात. ते चुकून खऱ्या रुग्णाच्या बॅगेत गेलं तर नेमक्या वेळी दांडी मोडते.

तिरपागडा
एवढं तपासेपर्यंत पाळी संपली की हो!

चौथं चाक
@तिरपागडा, हात बसलेल्याला २० मिनिटं लागतात. नवख्याला ४५. म्हणून नवख्याने पाऊण तास आधी यायचं. आधीच्या पाळीची माणसं निघायच्या आत तपासणी उरकली तर "हे कुठे गेलं" विचारायला कुणीतरी समोर असतं.

मंद्रसप्तक
मुळातच एक आक्षेप. राखीव माणसाला पूर्ण पॅरामेडिकचे अधिकार द्यावेत का? माझं मत: नाही. पायाभूत पातळीवर काम द्या. श्वासमार्ग मोकळा ठेवणं, रक्तस्राव थांबवणं, पॅड लावणं, उचलणं. घशात नळी घालणं, शिरेतून औषधं हे ज्याचं त्याला रोज करणाऱ्याला करू द्या. क्वचित वापरलं जाणारं आणि चुकल्यास जिवावर बेतणारं कौशल्य महिन्यातून दोनदा येणाऱ्याच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

रात्रपाळी
माकड शब्दाबद्दल निषेध नोंदवून पुढे :)

अर्धं मान्य. श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतं तुमचं पटतं. त्याऐवजी स्वरयंत्राच्या वर बसणारं साधन, म्हणजे आय-जेल, राखीव माणसाच्या आवाक्यातलं आहे. मापं पाठ असावीत: ३० ते ६० किलोला ३ नंबर, ५० ते ९० ला ४, ९० च्या वर ५. मधल्या वजनात घोळ झाला तर अंगावरची चरबी न बघता माणसाच्या उंची-हाडापेराकडे बघा. घसा वजनाने रुंदावत नाही.

पण औषधं अजिबात नकोत हे नाही पटत. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत) अ‍ॅड्रिनलिन द्यायला शीर शोधावी लागत नाही. प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत ०.५ मिलिग्रॅम. एकास हजारच्या अँप्युलमधलं अर्धं मिलिलिटर. पाच मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. हे अडवून ठेवण्यात रुग्णाचं नुकसान जास्त आहे.

सुईदोरा
अ‍ॅड्रिनलिनचा विषय निघालाच आहे तर नेमकी चूक कुठे होते तेही सांगते. गाडीत दोन प्रकार असतात: १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, आणि १० मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. दोन्हींत औषध तेवढंच, पाणी वेगळं. अरेस्टमध्ये शिरेतून दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम. ज्याचं हृदय चालू आहे त्याला हा आख्खा डोस शिरेतून गेला तर अनर्थ. घाईत "एकास हजार, एकास दहा हजार" यातली शून्यं मोजू नका. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर मोठ्याने वाचा. जोडीदार स्वतः अँप्युल हातात घेऊन तेच पुन्हा वाचेल: नाव, ताकद, मुदत. सिरिंज भरली की लगेच चिठ्ठी, आणि चिठ्ठी लावेपर्यंत सिरिंज हातातून खाली ठेवायची नाही.

साखर उतरलेल्या रुग्णाबाबतही असंच. ५० टक्के ग्लुकोज ५० मिलिलिटर म्हणजे २५ ग्रॅम, आणि १० टक्के २५० मिलिलिटर म्हणजेही २५ ग्रॅमच. पहिलं शिरेबाहेर गळलं तर मांस सडवतं. दुसरं सावकाश सोडता येतं आणि माणूस शुद्धीवर आला की थांबवता येतं. ज्याचा हात रोज शिरेवर नाही त्याने कुठलं निवडावं हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा बाक
वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. अंबू बॅग दाबायला कसला सराव? फुगा तर आहे.

रात्रपाळी
त्या फुग्यानेच जास्त नुकसान होतं. प्रौढांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा असते आणि रुग्णाला लागते साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे बॅग पूर्ण पिळायचीच नाही. छाती उचललेली दिसली की सोडायची. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० वेळा पिळतो. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, आणि उरलेली हवा पोटात जाऊन उलटी वर येते. आय-जेल बसल्यावर दर सहा सेकंदांना एक, मिनिटाला दहा. घड्याळाकडे बघून मोजा, मनात मोजलेले सहा सेकंद ताणाखाली तीनच भरतात.

आणि मास्क शक्यतो दोघांनी: एकाने दोन्ही हातांनी जबडा वर ओढून धरायचा, दुसऱ्याने दाबायचं. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्कमध्ये उचलायचा असतो.

अबोली
मॉनिटरबद्दल कुणी लिहिलं नाही. राखीव माणसाची खरी अडचण इथे आहे: तो दर वेळी वेगळ्या गाडीत बसतो, आणि प्रत्येक गाडीत यंत्र वेगळ्या कंपनीचं असू शकतं.

पाळीच्या सुरुवातीला यंत्रावर पाच गोष्टी करून बघाव्यात. स्वयंचलितवरून हाताने चालवायच्या मोडवर जाणं. ऊर्जा कमी-जास्त करणं. बीपी प्रौढावरून बालकावर नेणं. बारा लीडचा ईसीजी कागदावर काढणं. आणि सिंक बटण (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सोडणारं) कुठे आहे व चालू असल्याची खूण काय, हे बघणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. सिंक चालू राहिलं आणि रुग्ण फिब्रिलेशनमध्ये (हृदय नुसतं थरथरतं त्या अवस्थेत) गेला तर यंत्र ठोक्याची आर-लाट शोधत बसतं. ती नसतेच, म्हणून शॉक सुटत नाही. काही यंत्रं प्रत्येक शॉकनंतर सिंक आपोआप बंद करतात, काही चालूच ठेवतात. म्हणून "त्या गाडीत असंच होतं" हे ज्ञान या गाडीत घातक.

बारा लीडमध्ये व्ही-१ आणि व्ही-२ फार वर लावणं ही जगजाहीर चूक. उरोस्थीचा उंचवटा बोटांनी चाचपा. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्या खाली दुसरी फट. तिथून दोन फटी खाली उतरा. चौथ्या फटीत उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२. मग व्ही-३ नाही, आधी व्ही-४: पाचवी फट, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेत. व्ही-३ या दोघांच्या मधोमध, शेवटी.

तिरपागडा
@अबोली, या सगळ्याला लागणारी उपकरणं कमरेला लटकवूनच यायचं ना? तीन कात्र्या, दोन टॉर्च, एक खंजीर, आणि स्टेथोस्कोपला मोरपीस.

चौथं चाक
हाहा. लोक चालताना खुळखुळा वाजल्यासारखे वाजतात. कमरेची जाडजूड पेटी स्ट्रेचर उचलताना रुग्णाच्या कोपरात रुतते, ते वेगळंच. खिशात काय हवं: दोन पेनं (एक हरवतंच), छोटा टॉर्च, कात्री, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, हातमोज्यांचे दोन जादा जोड. बॅगेत मोजे. ओल्या मोज्यांत उरलेले आठ तास काढणं ही शिक्षा आहे. बाकी सगळं गाडीत असतं, आणि जे गाडीत नाही ते वापरायची परवानगीही नसते.

मंद्रसप्तक
हा शेवटचा मुद्दा ठळक करायला हवा. पॅरामेडिकचे अधिकार बहुतेक ठिकाणी माणसाला चिकटलेले नसतात. ते सेवेच्या वैद्यकीय प्रमुखाच्या लेखी नियमावलीतून, पाळीपुरते मिळतात. पाळी संपली की तुम्ही प्रथमोपचार जाणणारा नागरिक. घरच्या बॅगेत औषधं आणि सलाईन ठेवून फिरणारे हौशी लोक स्वतःसह सेवेलाही गोत्यात आणतात.

तेव्हा मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर. लेखी विचारून घ्या: बिनपगारी माणसाला अपघात विमा आहे का, आणि तो घर ते रुग्णवाहिकेचं ठाणं या प्रवासाला लागू आहे का? रुग्णाने दावा केला तर बचाव कोण करणार? सुरुवातीच्या किती पाळ्या तिसरा माणूस (नेहमीच्या जोडीवर जादा) म्हणून? कुणाच्या सहीने स्वतंत्र? किती महिने पाळी चुकली तर पुन्हा देखरेखीखाली? या शेवटच्या प्रश्नाला "तसं काही नाही" असं उत्तर आलं तर तिथून काढता पाय घ्या. मोठ्या खंडानंतर थेट गाडीवर पाठवणारी सेवा पूर्णवेळवाल्यांनाही तशीच वागवत असणार.

सुईदोरा
आणि लस! हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांवर. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी, आकडा १० किंवा वर हवा. म्हणजे सुरुवात ते खात्री यात सात-आठ महिने जातात. अर्ज मंजूर झाल्यावर लस घ्यायला निघालात तर सुया हाताळायला लागून बराच काळ झालेला असेल. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या काही तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर सहसा देत नाहीत. पाळी संपवून, घरी जाऊन, सकाळी बघू, हे नको.

उंबरठा
इतकी जोखीम, इतका सराव, आणि बिनपगारी? सेवेला माणसं कमी पडत असतील तर भरती करावी. स्वयंसेवकांनी फटी बुजवत राहिलं की फटी आहेत हेच कुणाला दिसत नाही.

काजवा
@उंबरठा, आक्षेप रास्त आहे. पण रोजच्या वेळापत्रकातली जागा भरणं वेगळं आणि आणीबाणीची फळी वेगळी. कायमची रिकामी जागा राखीव माणसाने भरू नये, याला सहमत.

उंबरठा
सेवेला ते विचारून बघा: राखीव माणूस तिसरा असतो की दुसरा? दुसरा असेल तर तुम्ही राखीव नाही, फुकटचे कर्मचारी आहात.

शेवटचा बाक
अवांतर: पॅरामेडिक हा प्रकार सुरू कुठून झाला? सैन्यातून?

अबोली
मुळं तिथली. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने १७९० च्या दशकात रणांगणावरून जखमींना लगेच उचलणाऱ्या वेगवान घोडागाड्या आणल्या. पण आजच्या अर्थाने दोन नावं घ्यावी लागतात. बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये डिफिब्रिलेटर गाडीत बसवला. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं ते यंत्र ७० किलोंच्या आसपास होतं. आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्गची फ्रीडम हाउस सेवा, १९६७. पीटर साफर यांच्या अभ्यासक्रमातून तयार झालेली, बहुतांश कृष्णवर्णीय आणि तोवर नोकरीबाहेर असलेली माणसं. त्यांना बाहेर ठेवणाऱ्या शहराला त्यांनीच रुग्णवाहिकेत उपचार कसे करायचे ते दाखवलं. १९७५ मध्ये शहराने आपली सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केली.

तिरपागडा
७० किलो! तो डिफिब उचलायला आणखी एक राखीव माणूस. आली बघा गाडी मूळ विषयावर.

चौथं चाक
उचलण्यावरून आठवण झाली की या धाग्यात पाठीचा उल्लेखच नाही. हौशी माणसं औषधांवर तासन्तास बोलतात आणि कंबर मोडून घेतात ती स्ट्रेचरवर. डोक्याकडचा माणूस हुकूम देतो, दुसरा कुणीही नाही. आधी ठरवा: "तीनवर" की "तीननंतर उचला". ही साधी गोष्ट न ठरवल्याने एक टोक आधी उचललं जातं. जिन्यावरून खुर्चीने उतरवताना पाय पुढे. दर मजल्यावर थांबा. खालचा माणूस उलटा चालतो, तेव्हा त्याच्या मागे पायऱ्या मोजणारा तिसरा हवा. तुमची तिसऱ्या माणसाची पाळी इथे सोन्याची.

खांद्याचे पट्टेही लावा. नुसत्या छाती-पायाच्या पट्ट्यांनी जोरात ब्रेक लागला की रुग्ण पुढे सरकतो. स्ट्रेचर गाडीत अडकल्याचा खटका ऐकला तरी एकदा ओढून बघा.

शेवटचा बाक
धावत्या गाडीत छाती दाबायची वेळ आली तर?

चौथं चाक
नाही. जागेवरच नीट करा. वळणावर दाब तिरका जातो, दाबणाऱ्याला पट्टा लावता येत नाही, आणि चालकाला मागचा आरडाओरडा ऐकून वेग वाढवायचा मोह होतो.

मंद्रसप्तक
सरसकट "नाही" म्हणता येणार नाही. थंडीने गारठलेला, गर्भवती, किंवा वाटेत पुन्हा अरेस्ट झालेला रुग्ण असेल तर न्यावं लागतं. पण मग यंत्राने दाबणं, किंवा गाडी बाजूला घेऊन थांबणं. वेगात असताना उभं राहून दाबणं नको, इथे सहमत.

अबोली
रुग्णालयात रुग्ण सुपूर्द करतानाची चूक: राखीव माणूस बोलायला लागला की प्रवासवर्णन करतो. एक मिनिट, ठरलेला क्रम: वय, घटनेची वेळ, काय घडलं, काय सापडलं, आकडे, काय केलं. स्ट्रेचरवरून हलवायच्या आधी सांगा, हलवताना कुणी ऐकत नाही. आणि मॉनिटरचं घड्याळ, कंट्रोलचं घड्याळ, स्वतःचं घड्याळ पाळी सुरू होतानाच जुळवा. नाहीतर कागदावर औषध ८:१४ ला आणि शॉकची पट्टी ८:०९ ची, आणि कुणालाच आधी काय झालं ते सांगता येत नाही.

वॉकीवर बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "श्वास नाही" मधला "श्वास" गेला की मागे नुसतं "नाही" उरतं.

रात्रपाळी
झोपेबद्दल लिहून मी थांबतो. राखीव माणसाची पाळी दिवसभराच्या नोकरीनंतरची असते. सकाळी ६ ला उठलेला माणूस रात्री ११ ला १७ तास जागा असतो. १९९७ मध्ये मोजलेल्या आकड्यांनुसार १७ तासांच्या जागरणानंतर हात आणि नजर यांच्या मेळाची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते, २४ तासांनंतर ०.१० टक्के. म्हणजे रात्रपाळी संपवून सकाळी ६ ला स्वतःची गाडी चालवत घरी निघालेला राखीव पॅरामेडिक दारू न पिता प्यायलेला असतो. पाळीआधी दुपारी दोन तास तरी झोप. ते जमत नसेल तर रात्रपाळी घेऊच नका, दिवसाची मागा. माझं सदस्यनाव बघून हसू नका.

अबोली
आणखी एक राहतं. वाईट कॉलनंतर पूर्णवेळ माणसं पुढच्या पाळीला पुन्हा भेटतात, बोलतात. राखीव माणूस घरी जातो तो थेट दोन आठवड्यांनी उगवतो. एकाच सक्तीच्या बैठकीत सगळ्यांना बसवून बोलतं करण्याचा उपयोग होत नाही, तसं करू नये असाच सल्ला आता दिला जातो. त्यापेक्षा जोडीदाराने तीन-चार दिवसांनी एक फोन करावा. सेवेत ही सोय ठरवून आहे का, हे मंद्रसप्तक यांच्या प्रश्नांच्या यादीत घाला.

काजवा
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर एकदा परत येतो. १२ तासांच्या दोन पाळ्यांऐवजी ६ तासांच्या चार घेतल्या तर? तास तेवढेच, पण दोन पाळ्यांमधलं अंतर दोन आठवड्यांवरून एका आठवड्यावर येतं.

रात्रपाळी
कौशल्याच्या हिशेबाने चांगलं. १५ मिनिटांचा पुतळाही मग महिन्यातून चारदा होतो. जागरणाचा प्रश्नही सुटतो.

चौथं चाक
जोडीदाराच्या हिशेबाने त्रासाचं. मधल्या वेळी माणूस बदलायचा म्हणजे गाडी ठाण्यावर हवी, आणि ती नेमकी कॉलवर असते. तुम्ही ठाण्यात ताटकळत बसणार, आणि ज्याची सुटी व्हायची तो वैतागणार. सेवेची पाळी ज्या वेळी बदलते त्याच वेळी यायचं आणि सहा तासांनी गाडी ठाण्यावर येईल तेव्हा उतरायचं, म्हणजे तुम्ही तिसरेच असायला हवं. दुसरा माणूस मध्येच उतरू शकत नाही.

मंद्रसप्तक
म्हणजे पहिलं वर्ष सहा तासांच्या चार, तिसरा माणूस म्हणून. स्वतंत्र सही झाली की १२ तासांच्या दोन, आणि मधल्या आठवड्यात ठाण्यावर जाऊन नुसता पुतळा आणि गाडीची तपासणी. कोलीत देण्याबद्दलचं माझं विधान तेवढ्यापुरतं मागे घेतो. आय-जेल आणि मांडीतलं अ‍ॅड्रिनलिन चालेल. श्वासनलिकेतली नळी नाहीच.

रात्रपाळी
त्यावर भांडण नव्हतंच.

शेवटचा बाक
शेवटची शंका. सिलिंडरची किल्ली दर वेळी हरवते असं सगळे म्हणतात. ती सिलिंडरलाच दोरीने बांधली तर?

चौथं चाक
मग रिकाम्या सिलिंडरबरोबर तीही भरायला जाते. रेग्युलेटरला बांधा.